डाव्या कानाचा सौदा

आमच्या आप्पांना तोंडाने भाव सांगता येत नसे. जीभ जड होती अशातला भाग नाही. पावसापाण्याच्या, देवाधर्माच्या, शेजाऱ्याच्या म्हशीच्या गोष्टी ते संध्याकाळपर्यंत सांगत बसत. पण आकडा आला की तोंड मिटायचं आणि हात खांद्यावरच्या पंच्याकडे जायचा. आव्वा, म्हणजे आमची आई गुणाबाई, त्यांना विचारायची, "वांगी कशी घेतलीसा?" आप्पा आधी दाराकडे बघत, मग पंचा तिच्या हातावर टाकत आणि खालून तिची बोटं दाबत. घरात आमच्याशिवाय कोणी नसायचं. तरी.

आप्पांचं नाव कलगोंडा. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत त्यांना सगळे कलगोंडा दलाल म्हणत. शेत थोडं होतं, ते वाट्याने लावलेलं. घर चालायचं ते दलालीवर. तिथे तेव्हा सौदा हत्त्याने व्हायचा. घेणारा आणि दलाल समोरासमोर उभे राहत, हातांवर पंचा पसरत आणि त्याच्याखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवत. वर तोंडाने "औंदा थंडी बरी हाय" असलं काहीतरी चाललेलं असे. भोवती कितीही माणसं उभी असोत, भाव त्या दोघांनाच कळायचा. चारचौघांत आकडा उच्चारणं हे आप्पांच्या लेखी चारचौघांत धोतर सोडण्याइतकंच वाईट होतं.

या हत्त्याचे नेम होते. बोट दाबलं की भाव लागला. दुसरं बोट धरलं की घासाघीस सुरू. पण घेणाऱ्याने एकही बोट न दाबता हात बाहेर काढून घेतला, तर माल नापास. बुरशी धरलेला, आतून कुजलेला. त्याला कमी भाव नाही, भावच नाही. असा हात निघाला की दलालाने ते कुणापाशी बोलायचं नसे, कारण एका वखारीने टाकलेल्या मालाला दुसरी वखार हात लावत नाही. गुपचूप गाडी भरायची आणि दुसरा बाजार गाठायचा. आप्पांनी हे त्यांच्या वडिलांकडून घेतलं होतं, वडिलांनी त्यांच्या. जगातला सगळा व्यवहार असाच चालतो याबद्दल त्यांच्या मनात कधी शंका आली नाही. या नेमांशी माझ्या कानाची गाठ पडायची होती, म्हणून एवढं सांगितलं.

मला लहानपणी गोवर झाला आणि त्यानंतर डावा कान वाहायला लागला. मधेच थांबायचा, पावसाळा आला की पुन्हा वाहायचा. आव्वा कापसाची वात करून पुसायची. शेजारच्या बाळाबाई मराठ्यांच्या. त्यांचा उपाय म्हणजे लसूण घालून उकळलेलं तेल. आता आम्ही जैन. लसूण आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. तेव्हा बाळाबाई आपल्या चुलीवर तेल उकळत, मी कुंपणापाशी मान वाकडी करून उभी राहायची आणि त्या पलीकडूनच ते माझ्या कानात सोडत. यात पाप लागतं की नाही यावर घरात बरेच दिवस वाद चालला. शेवटी "कान म्हंजे काय तोंड न्हवं" असं आप्पांनी ठरवलं आणि आव्वाचा जीव थोडा खाली पडला.

मी नऊ वर्षांची असताना, म्हणजे एकोणीसशे छत्तीसच्या सुमाराला, कान अचानक वाहायचा थांबला. घरात सगळ्यांना बरं वाटलं. आणि मग कानामागे सूज आली. तापाने अंग भाजायला लागलं, सूज वाढत गेली, आणि कान पुढे ढकलल्यासारखा वाकडा उभा राहिला. मला आठवतं ते एवढंच की सगळ्यांचे आवाज एकाच बाजूने येत होते आणि मी सारखी उजवीकडे वळून बघत होते. बोलणारं माणूस डावीकडे असायचं.

निपाणीच्या दवाखान्यातल्या माणसाने कान बघितला, सुजेवर बोट लावलं, मी किंचाळले. तो म्हणाला, "बेळगावला न्या. आज न्या. हे डोक्यात शिरलं तर पोरगी हाताला लागायची नाही."

आव्वाच्या अंगावर माझा धाकटा भाऊ पीत होता, तिला निघता येईना. आप्पांनी तंबाखूच्या हंगामाची तोवरची सगळी दलाली कनवटीला बांधली. किती होती ते मला माहीत नाही. ते त्यांनी आव्वालाही बोटं दाबूनच सांगितलं असणार. सर्व्हिस मोटारीत त्यांनी मला मांडीवर घेतलं. "कानाला किती बी लागू दे," ते वाटेत कुणालातरी सांगत होते, "मी मागं सरायचा न्हाय." त्यांना भीती एकच होती, की मोठ्या गावातल्या मोठ्या डॉक्टरांचा भाव आपल्याला झेपेल की नाही.

बेळगावात तेव्हा दवाखाने दोन-तीन होते. त्यातल्या एका सरकारी दवाखान्यात आम्ही गेलो. दारावरच्या शिपायाने डावीकडे जा म्हणून सांगितलं, तिथल्या माणसाने उजवीकडे पाठवलं, उजवीकडच्या बाईने इथे नाही म्हणून पुन्हा बाहेर काढलं. कुणी कानडीत बोलत होतं, कुणी मराठीत. आप्पांना दोन्ही येत होतं, म्हणून भाषेची अडचण नव्हती. त्यांना वेगळंच कोडं पडलं होतं. एवढी माणसं आत जात होती, पट्ट्या बांधून बाहेर येत होती, आणि कुणाचाच हात कनवटीला जात नव्हता. आप्पा बाकावर बसल्या बसल्या प्रत्येकाचे हात बघत होते.

डॉक्टर धारवाडकडचे होते. उंच, घाईत असलेले. त्यांनी माझा कान बघितला आणि त्यांची घाई आणखी वाढली.

"कानामागच्या हाडात पू साठलाय," ते आप्पांना म्हणाले. "हाड फोडून काढायला पाहिजे. आता दाखल करा, उद्या सकाळी पहिलं हिचंच ऑपरेशन करू."

आप्पांनी हात जोडले. "व्हय साहेब. मग कसं करायचं?"

"सांगितलं की. दाखल करायचं."

"त्ये झालं साहेब. आमचं कसं?"

"तुमचं काय? तुम्ही बाहेर बसा."

आप्पा गोंधळले. त्यांनी आपल्या परीने भाव विचारला होता, यापेक्षा उघडं त्यांना विचारता येत नव्हतं. कंपाउंडरच्या ते लक्षात आलं असावं. तो म्हणाला, "पैशाचं विचारतोय वाटतं. काही लागत नाही बाबा. सरकारी दवाखाना आहे. इथं सही कर." आणि त्याने एक कागद पुढे करून भराभर वाचून दाखवला. भूल देताना किंवा हाड फोडताना रोगी दगावला तर दवाखान्याकडे दोष नाही, असं त्यात होतं.

आप्पांच्या जागी बसून विचार करा. हाड फोडायचं, भूल द्यायची, पोरीला खाटेवर ठेवून घ्यायचं, आणि लागत काही नाही. वखारीत गाडी उतरवायलासुद्धा काही ना काही लागतं. त्यांना वाटलं, भोवती एवढी माणसं उभी आहेत, त्यांच्यासमोर डॉक्टर आकडा कसा बोलेल? आपणच त्याला आडोसा दिला पाहिजे. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, अदबीने डॉक्टरांच्या हातावर टाकला आणि खाली हात घालून त्यांची बोटं धरली.

डॉक्टरांनी हात झटकन ओढून घेतला. एकही बोट दाबलं नाही. पंचा खाली पडला. "काही लागत नाही म्हणून सांगितलं ना?" एवढं म्हणून ते पुढच्या रोग्याकडे वळले.

पुष्कळ वर्षांनी मला कळलं की डॉक्टरांना ती लाच वाटली होती. त्या घटकेला मी फक्त आप्पांचा चेहरा बघितला. वखारीच्या दारात भिजलेल्या मालाची गाडी परत फिरवताना माणसांचे चेहरे मी पाहिले होते, त्यातला तो होता. त्यांनी पंचा उचलून झटकला, मला खांद्यावर घेतलं आणि कंपाउंडर मागून हाका मारत असताना ते दवाखान्याबाहेर पडले.

"आप्पा, हितं ऱ्हायचं न्हाय?" मी विचारलं.

"न्हाय," ते म्हणाले. "दुसरीकडं बघू."

मला बरं वाटलं. मला हाड फोडून घ्यायचं नव्हतं. आप्पांनी मला सोडवलं असंच मी समजले आणि त्यांच्या मानेला घट्ट धरून ठेवलं.

आता दुसरा बाजार. बेळगावच्या पेठेत एक कानाच्या औषधाचा माणूस बसायचा. समोर बाटल्या, चिमटे, कुणाकुणाच्या कानांतून काढलेले मळाचे खडे कागदावर मांडलेले. त्याने माझा कान लांबूनच बघितला आणि आप्पांनी पंचा पुढे करताच बिनदिक्कत त्याच्याखाली हात घातला. बाजारातलाच माणूस तो, त्याला हत्ता माहीत होता. त्याने बोटं दाबली. आप्पांनी एक बोट सोडलं. त्याने पुन्हा धरलं. आप्पांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. कुणीतरी भाव सांगत होतं, म्हणजे पोरगी अजून चालणारा माल होती. त्यांनी कनवटीतून पैसे काढून दिले, आणि मला वाटतं, ठरल्याहून जास्तच दिले. त्या माणसाने तांबडं, कढत असं काहीतरी कानात ओतलं. त्यानंतरचं पेठेतलं मला काही आठवत नाही.

त्याचा राग मला कधी आला नाही. तो पोटासाठी बसला होता. मला राग येतो तो या गोष्टीचा, की दोन माणसांपैकी एकाने फुकट वाचवतो म्हटलं आणि एकाने पैसे घेऊन तेल ओतलं, आणि आमच्या आप्पांना खरा वाटला तो दुसरा. बरं, आप्पा मूर्ख होते म्हणावं तर तेही नाही. तंबाखूच्या पानाच्या नुसत्या वासावरून ते कुठल्या रानातलं ते सांगत. मग हे असं कसं झालं, याचा मी आयुष्यभर विचार केला आहे आणि मला अजून नीट उमगलेलं नाही.

आप्पांची थोरली बहीण राजाबाई, आमची आत्ती, विधवा झाल्यापासून बेळगावात बस्तीच्या आवारात एका खोलीत राहायची. बस्ती म्हणजे आमचं देऊळ. मुनी आले की त्यांच्या आहाराचं बघायचं, एरवी धान्य निवडायचं, असं तिचं चाललेलं असे. आम्ही तिथे पोचलो तर आत्ती नेमकी एका खेड्यात कुणाच्या तरी उपासाच्या सांगतेला गेलेली. बस्तीतल्या पुजाऱ्याने खोली उघडून दिली. "पोरीला काय झालंय?" त्याने विचारलं. "जरा ताप हाय," आप्पा म्हणाले. टाकलेल्या मालाबद्दल बोलायचं नसतं. त्या पुजाऱ्याला खरं सांगितलं असतं तर त्याने तेव्हाच समजावलं असतं, पण आप्पांचं तोंड त्यांच्या धंद्याने शिवलेलं होतं.

सकाळी मी जागी झाले ती आप्पांच्या आवाजाने. त्यांचं तोंड माझ्या उजव्या कानाशी होतं आणि ते हळू आवाजात णमोकार म्हणत होते. "णमो अरिहंताणं, णमो सिद्धाणं." संपला की पुन्हा पहिल्यापासून. आमच्यात हा मंत्र रोजच म्हणतात, उठताना, जेवताना, गावाला निघताना. पण कानाला तोंड लावून म्हणतात ते एकाच वेळी. आदल्या वर्षी आमची आज्जी गेली तेव्हा आप्पांनी तिच्या कानात तो असाच म्हटलेला मी बघितला होता.

"आप्पा," मी म्हणाले, "मी मरणार हाय व्हय?"

ते थांबले. "न्हाय गं," ते म्हणाले. "देवाचं नाव घेतोय."

आणि पुन्हा माझ्या कानाशी वाकले. मला भीती वाटली की नाही ते सांगता येत नाही. मला कळेनासं झालं होतं. काल डॉक्टरच्या सुरीतून सुटले होते ना मी? मग आज हे काय? आप्पांना विचारावं तर ते रडत होते, आणि आप्पांना रडताना मी कधी बघितलेलं नव्हतं. मी डोळे मिटून घेतले.

दुपारी आत्ती आली. दारातच तिने माझा कान बघितला आणि हातातली पिशवी खाली टाकली.

"दवाखान्यात दाखवलंस का रं कलगोंडा?"

"दाखवलं."

"मग? काय म्हनला डॉक्टर?"

आप्पा पंच्याची घडी घालत राहिले. आत्तीने पुन्हा विचारलं. शेवटी ते खालच्या मानेने म्हणाले, "त्यानं हात काढून घेतला आक्का."

"कसला हात?"

"हत्त्यातनं. बोट बी दाबलं न्हाय. लिवून घ्याय लागला, पोरगी मेली तर आमच्यावर न्हाय म्हनून. किती लागंल इचारलं तर काय लागत न्हाय म्हनतोय. म्हंजे काय ऱ्हायलं तिच्यात?"

आत्ती त्यांच्याकडे बघत राहिली. तिलाही क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं.

"आरं, त्याला काय ठावं तुझा हत्ता?" ती म्हणाली. "तिथं समद्यास्नी काय लागत न्हाय. माझा हात मोडलावता तवा मला काय लागलं? सरकार देतंय त्यास्नी. गरिबाला फुकट, मेलेल्याला न्हवं." आणि पुढे आवाज चढवून, "ऊठ. पोरीला उचल."

आप्पा उठले, पण त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडलेला नव्हता. "पर आक्का, हात काढून घेतला की," असं ते टांग्यातही म्हणत होते. आत्ती टांगेवाल्याला घाई करत होती.

डॉक्टरांनी आम्हाला बघितलं आणि त्यांचा पारा चढला. "कुठे होतात कालपासून?" आत्तीने हातापाया पडून काहीबाही सांगितलं. कुणी पुढचं काही विचारत बसलं नाही, मला सरळ आत नेलं. सहीचा कागद आला तेव्हा आप्पांनी दोन्ही हात पंच्याखाली घेतले, म्हणून आत्तीने अंगठा उठवला. गोड वासाचा कपडा माझ्या नाकावर आला. मोजायला सांगितलं होतं, पण मी आकडा बोलले नाही. आप्पांचीच मुलगी मी.

जगले. डोक्याला भली मोठी पट्टी बांधलेली, आणि डाव्या अंगाला जगच नाही. पहिले काही दिवस वाटायचं, पट्टीमुळे ऐकू येत नसेल. मग पट्टी लहान झाली आणि मग निघाली. डावीकडे तसंच सुनं.

खाटेवर बरेच आठवडे काढले. दवाखान्याने खरंच काही घेतलं नाही, पण फुकट म्हणावं तर तसंही नव्हतं. दवाखान्यातलं अन्नपाणी आम्हाला चालायचं नाही, म्हणून आत्ती बस्तीतून पाणी गाळून आणि जेवण शिजवून आणायची, तेही दिवस मावळायच्या आत पोचावं म्हणून धावतपळत. आप्पा व्हरांड्यात झोपायचे. तिकडे निपाणीत हंगाम चालू होता आणि त्यांच्या गिऱ्हाइकांनी दुसरे दलाल धरले, ते पुन्हा पुरते त्यांच्याकडे आलेच नाहीत. आव्वाने तान्ह्याला सांभाळत एकटीने घर रेटलं. यातलं कुठलंही खर्चात धरायचं नसतं म्हणे.

आप्पा मात्र रोज कंपाउंडरला गाठायचे. "किती झालं?" कंपाउंडर म्हणायचा, काही नाही. एकदा त्यांनी गुळाची ढेप आणून डॉक्टरांच्या दारात ठेवली, ती शिपायाबरोबर परत आली. मला घरी सोडलं त्या दिवशी ते व्हरांड्यातून हलायला तयार नव्हते. सौदा पुरा झाल्याशिवाय माल उचलायचा कसा? आत्तीने त्यांना हाताला धरून बाहेर काढलं.

मग निपाणीला आल्यावर काही दिवसांनी त्यांना उत्तर सापडलं, निदान त्यांनी तसं जाहीर केलं. वखारीत कुणी माझी विचारपूस केली की ते सांगत, "दवाखान्याचं काम चोख. पैसं न्हाईत घेत. पोरगी दिली आन् कान घेतला. एका कानात एवढी पोरगी. ह्याच्याहून सस्त कोन दील?" लोक हसायचे. आप्पाही हसायचे. मी शेजारी उभी असले तर माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. मला वाटायचं, हा माणूस किती सुखी आहे. आपण काय गमावलं हे त्याला कळलेलंसुद्धा नाही. आणि मग मला त्यांचा इतका राग यायचा की मी हात झटकून घराकडे निघून जायची.

माझं लग्न ठरलं तेव्हा आत्ती बेळगावहून आली होती. तिने मला मागच्या अंगणात नेऊन सांगितलं, की त्या दिवशी डॉक्टरांनी तिला एकटीला आत बोलावलं होतं. ते म्हणाले होते, "काल आणली असती तर कान राहिला असता. आता जीव राहतो का बघतो." आत्तीने ते इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं. "तुझ्या बापाला कळू दिऊ नगंस," ती म्हणाली. "त्यो त्याच्या सौद्यात खुशाल हाय. त्याला तसंच ऱ्हाऊ दे." मी कबूल केलं. पण त्या दिवसापासून आप्पांनी बाजारात कानाची गोष्ट काढली की मला तिथे उभं राहवत नसे.

सत्तेचाळीस साली, गावात नवा झेंडा लागला त्या दिवसांत, मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. पाऊस लागून राहिला होता, आप्पांचा धंदा बसल्यातच जमा होता, ते दिवसभर घरीच असत. सासरी आणि माहेरी सगळ्यांना ठाऊक होतं की माझ्याशी बोलायचं तर उजव्या बाजूला यायचं. शेजारची लहान मुलंसुद्धा फिरून उजवीकडे येत. एकटे आप्पा विसरायचे. मी धान्य निवडत बसले की ते येऊन माझ्या डाव्या बाजूला बसत. मी म्हणायची, "आप्पा, ह्या बाजूला या की. किती येळा सांगायचं?" ते गडबडून उठत, उजवीकडे येऊन बसत आणि मग काहीच बोलत नसत. थोड्या वेळाने उठून जात. दुसऱ्या दिवशी पुन्हा डावीकडे.

एकदा मी वैतागून आव्वाला म्हणाले, "आप्पांचं डोकं चालंना आता. अजून कुठल्या बाजूला बसायचं ते ध्यानात न्हाय त्यांच्या."

आव्वा चुलीपाशी होती. तिने तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "ते इसरत न्हाईत."

"मग?"

"त्यास्नी त्याच अंगाला बसायचं असतंय. हळूच बोलत बसत्यात तुझ्यासंगं."

"काय बोलत्यात?"

"दवाखान्यात डॉक्टरनं आत्तीला आत घेऊन सांगिटलं न्हवं, एक दीस आदी आणली आसती तर म्हनून. हे दाराच्या भायेरच हुते. समदं ऐकलंय त्यांनी." तिने लाकूड पुढे सारलं. "त्येच सांगत बसत्यात तुला. चुकलं म्हनत्यात. मागनं जाताना कानावर पडलंय माझ्या, जवळ गेले की गप हुत्यात."

"आन् त्ये बाजारात सांगत्यात त्ये? पोरगी दिली, कान घेतला?"

"त्ये बाजाराला," आव्वा म्हणाली.

मला काय वाटलं ते मला धड सांगता येत नाही. इतकी वर्षं मी एका बेफिकीर माणसावर रागावले होते आणि तो माणूस नव्हताच. मग आता रागवायचं कुणावर? आणि मनातला राग काही जागचा हलेना, कारण कान तर गेलाच होता. मला रडायला आलं. डॉक्टरचं बोलणं त्यांना कळू नये म्हणून आत्तीने आणि मी जपलं होतं. आपल्याला ठाऊक आहे हे आम्हाला कळू नये म्हणून आप्पांनी जपलं होतं. कोण कुणाला सांभाळत होतं, मला काही कळेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सोप्यात सूप घेऊन तांदूळ निवडत बसले होते. आप्पा आले. माझ्या डाव्या बाजूला, भिंतीला टेकून बसले. त्यांनी पंचा मांडीवर ठेवला. मी खाली मान घालूनच होते, पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला त्यांची हनुवटी हलताना दिसत होती. थांबायची, पुन्हा हलायची. मान जराशी वळवली असती तर उजव्या कानाला काहीतरी आलं असतं.

मी मान वळवली नाही. सुपातले तांदूळ कधीच निवडून झाले होते. आप्पांचं बोलून होईपर्यंत मी तेच पुन्हा निवडत बसले.